अंकुराची वाढ : भाजीच्या चित्रमय नोंदीचा इतिहास



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्यांना प्रथम वंदन करतो. बडोद्यात मराठी शाळा पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवणे हे बोलण्यापेक्षा करण्याचे काम असते, आणि ते त्यांनी केले. अशा व्यासपीठावर मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संतवाङ्मय सोडून वाटाण्याच्या वेलाकडे आणि वांग्याच्या रोपाकडे का वळावे? त्याचे उत्तर असे, की बी पेरल्यापासून भाजी काढेपर्यंतची नोंद ठेवणे हा जितका शेतीचा व विज्ञानाचा विषय आहे, तितकाच तो भाषेचा आणि इतिहासाचाही आहे. शिवाय या विषयातला एक महत्त्वाचा धागा आपल्या याच शहरातून जातो. तो धागा हाती घेण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे.

आपल्याला वाढ दिसत नाही, वाढलेले दिसते. काल कळी होती, आज फूल आहे, एवढेच आपण म्हणतो. कालची कळी आणि आजचे फूल यांच्यामध्ये जे घडले, ते डोळ्यांसमोर घडूनही नजरेतून निसटते. जे निसटते ते धरून ठेवण्याच्या माणसाच्या खटपटीचा इतिहास म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

चित्रकाराचा कागद

छायाचित्रणाच्या आधी हे काम चित्रकाराकडे होते. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील चित्रांत फांदी, पान, फूल, फळ आणि बी ही एकाच कागदावर शेजारी शेजारी काढलेली असतात. निसर्गात ती एका वेळी क्वचितच भेटतात. चित्रकाराने अनेक आठवड्यांचा काळ एका पानावर एकत्र आणलेला असतो.

या ग्रंथातील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चित्रांवर वनस्पतींची नावे वेगवेगळ्या लिप्यांत कोरलेली असून त्यांत नागरी लिपीतील कोकणी नावेही आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी विद्वानांचे या कामी साहाय्य होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. चित्राशेजारी लोकांच्या तोंडचे नाव लिहिले पाहिजे, ही जाण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराला होती. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू या; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्याकडे पुण्याजवळ दापुरी येथे मुंबई सरकारची वनस्पतीबाग होती. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या वर्षांत तेथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतीउद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. त्याचे नाव नोंदले गेले नाही. पानाची शीरन् शीर उतरली, वनस्पतीचे नाव राहिले, पण ज्या हाताने ती काढली त्याचे नाव हरवले.

अंक आणि ठिपके

एकोणिसाव्या शतकात नोंदीला शिस्त आली, आणि त्या शिस्तीचे प्रयोग स्वयंपाकघरातल्या भाज्यांवरच झाले, ही मौजेची गोष्ट आहे. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे मठाच्या बागेत वाटाणा लावला. सुमारे २८,००० झाडे त्याने तपासली. दाणा गोल की सुरकुतलेला, शेंग हिरवी की पिवळी, वेल उंच की ठेंगणा, अशी सात लक्षणे धरून त्याने मोजदाद केली. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात वाटाण्याचे चित्र नाही. आहेत ते शब्द आणि अंक. आनुवंशिकतेचे शास्त्र त्या मोजदादीतून उभे राहिले.

चार्ल्स डार्विनने १८८० साली मुलगा फ्रान्सिस याच्या साहाय्याने वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात कोबीच्या रोपाचे निरीक्षण आहे. रोपाला काचेचा बारीक तंतू चिकटवायचा, त्याच्या टोकाला लाखेचा मणी लावायचा, समोर काच उभी करायची आणि ठराविक वेळाने मण्याची जागा काचेवर ठिपक्याने दाखवायची. ठिपके जोडले की रोपाने दिवसभरात काढलेली वेडीवाकडी वाट दिसते. प्रत्येक ठिपक्याची वेळ लिहिलेली असते. ती नसती तर काचेवर नुसती नक्षी उरली असती.

डार्विनने हाताने मारलेल्या ठिपक्याची जागा पुढे कॅमेऱ्याने घेतली. लाइपझिग येथील विल्हेल्म पेफर या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० या काळात ठराविक अंतराने चित्रे घेऊन ती सलग दाखविली. घेवड्याच्याच कुळातील बाकला या शेंगेच्या मुळाची वाढही त्यांत होती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने १९१० साली फुले उमलतानाचा चित्रपट केला, तो सामान्य प्रेक्षकांसाठी. तंत्र सोपे होते : सावकाश घ्यायचे आणि वेगाने दाखवायचे. कठीण होता तो धीर.

कलाभवनातून वाटाण्यापर्यंत

आता आपल्या शहराकडे येऊ. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविली. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेचे मूळ तेथे आहे. कला, रसायन आणि हातातले कसब यांत भेद न मानणारी ती संस्था होती. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला धुंडिराज गोविंद फाळके हा तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर येथे आला. रंगकाम, छायाचित्रण, मुद्रणाची तंत्रे हे सारे त्याने येथे हाताळले.

पुढचे आयुष्य सरळ नव्हते. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला; तेथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी धरली, ती स्वदेशीच्या काळात सोडली. लोणावळ्यास राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला, मुद्रणविद्येसाठी जर्मनीस जाऊन आले आणि भागीदारांशी न पटल्याने त्यातून बाहेर पडले. मग मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून चलच्चित्राचे वेड लागले. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची व्यवस्था करून एप्रिलमध्ये परतले.

चित्रपटासाठी भांडवल हवे होते, आणि हलती चित्रे काढणाऱ्या देशी माणसावर पैसा लावायला कोणी धजत नव्हते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज चित्र घेत वेल होईपर्यंतची वाढ टिपली. या लघुपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. काही लेखनात त्याचे साल १९१० दिलेले आढळते, काही ठिकाणी १९१२. म्हणजे लंडनवारीच्या आधी की नंतर, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. त्याने काय साधले याबद्दल मात्र मतभेद नाही. तो पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल दिले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

फाळक्यांची धडाडी आणि त्यांचा त्याग आपण नेहमी आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सावकाराला पटले ते एका कुंडीतले वाटाण्याचे रोप आणि त्याची इमानाने ठेवलेली नोंद. पुराणातला राजा पडद्यावर आला तो नंतर. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत, हेही नोंदले गेले आहे. भारतीय चित्रपटाची सुरुवात अशी एका संसाराच्या स्वयंपाकघराला लागून झाली.

थोडा हिशोब

इतिहासाच्या अभ्यासकाने गोष्ट ऐकली की हिशोब मांडावा. सांगितले असे जाते, की फाळक्यांनी रोज एकच चौकट घेतली, हे महिन्याहून थोडे अधिक दिवस चालले आणि चित्रपट मिनिटभराहून थोडा अधिक झाला. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत. रोज एक याप्रमाणे तीस-पस्तीस दिवसांच्या तीस-पस्तीस चौकटी होतात, आणि त्या दोन-सव्वादोन सेकंदांत संपतात. मिनिटभराच्या चित्रासाठी ९६० चौकटी, म्हणजे साठ फूट फिल्म लागते. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला ३२ चौकटी येतात. त्या फक्त दिवसाच्या बारा तासांत घेतल्या असे धरले, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक!

तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर चित्रपट आपण समजतो त्याहून फारच छोटा होता, किंवा फाळक्यांनी दिवसाकाठी एकाहून कितीतरी अधिक चौकटी घेतल्या. दुसरे खरे असेल तर ‘रोज एक’ या सुटसुटीत वाक्यात त्यांचे कितीतरी कष्ट झाकले गेले आहेत. हा हिशोब फाळक्यांचे मोठेपण कमी करण्यासाठी मी मांडलेला नाही. चित्राबरोबर वही असती, तारीख, वेळ आणि चौकटींची संख्या लिहिलेली असती, तर आज असा तर्क करीत बसण्याची वेळच आली नसती. मूळ लघुपटही आज आपल्यापाशी नाही. उरले आहे ते त्याचे सुंदर मराठी नाव आणि एक आख्यायिका.

माळ्याच्या काचा

चित्र आणि वही यांची फारकत झाली की काय होते, याचे दुसरे उदाहरण इंग्लंडमधले आहे. चार्ल्स जोन्स हा पेशाने माळी. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आगेमागे त्याने आपण पिकविलेल्या भाज्यांची छायाचित्रे घेतली. घेवड्याच्या शेंगा, कांदे, कोबी, बीट, मागे साधा पडदा, चेहऱ्यासमोर बसावे तसे कॅमेऱ्यासमोर बसविलेले. १९८१ साली लंडनच्या बर्मंडसी बाजारात एका पेटीत ती शेकड्यांनी सापडली. मागच्या बाजूस भाजीचे व वाणाचे नाव आणि त्याची आद्याक्षरे आहेत. ती का घेतली, हे कुठे लिहिलेले नाही. मूळ काचा तर राहिल्याच नाहीत. घरच्यांच्या आठवणीनुसार म्हाताऱ्या जोन्सने त्या काचा बागेत कोवळ्या रोपांवर थंडीपासून आडोसा म्हणून लावल्या.

एका परीने तो माळी बरोबरच होता. रोप जगविणे हे त्याचे पहिले काम. पण आपण काय गमावले पाहा. काढणीच्या दिवशीची भाजी दिसते, तिचे बालपण दिसत नाही. ती छायाचित्रे आज कलाकृती म्हणून नावाजली जातात, आणि ती आहेतच. परंतु नोंद म्हणून ती अर्धीच आहेत.

छपन्न नव्हे, सहासष्ट चित्रे

हे सारे वाचून झाल्यावर, निवृत्त माणसाला सवड असते म्हणून, गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवरील कुंडीत अर्केल जातीचा वाटाणा लावला आणि रोज सकाळी आठ वाजता मोबाइलने एक चित्र घेतले. कुंडी हलवायची नाही, कॅमेऱ्याची जागा विटकरीने पक्की करायची, शेजारी फूटपट्टी उभी ठेवायची, मागे पांढरे धोतर, आणि चित्र घेतल्याबरोबर वहीत तारीख व दोन ओळी, एवढाच नियम. नातीने विचारले, “आजोबा, छपन्न दिवसांत होईल?” सहासष्ट लागले.

त्या चित्रांनी मला जे शिकविले ते वयाच्या सत्तरीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. आठव्या दिवशी मान वाकवून कोंब वर आला, पण दाण्याच्या दोन डाळिंब्या जमिनीतच राहिल्या. घेवडा मात्र आपल्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो. त्रेचाळिसाव्या दिवशी पहिले पांढरे फूल आले. त्यानंतर शेंग आधी लांबीला पुरी होते आणि बरेच दिवस चपटीच असते. दाणे मागाहून भरतात. प्रतान, म्हणजे वेलीचा आधार शोधणारा धागा, रोज वेगळ्याच दिशेला दिसे. त्याचे कारण असे, की तो दिवसभर गोल फिरत असतो आणि रोजच्या एका चित्रात त्या फेऱ्यातला एकच क्षण सापडतो. फाळक्यांच्या चौकटींचा हिशोब मला या प्रतानाने सुचविला.

त्याहून मोठी गोष्ट वही लिहिताना घडली. प्रत्येक दिवसासाठी शब्द लागू लागला. बी रुजले, कोंब आला, रोपाने मूळ धरले, वेल चढला, कळी धरली, शेंग धरली, दाणा भरला, शेंग जून झाली, निबर झाली, वाळली. मोड, कोंब आणि अंकुर हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. पण भिजवलेल्या मटकीला मोड येतात, आल्याला कोंब फुटतो, आणि फाळक्यांच्या चित्रपटाच्या नावात शोभतो तो अंकुर. ‘कोवळी’, ‘जून’, ‘निबर’ ही भाजीच्या वयाची मोजपट्टी आहे. आपल्याकडे दारावर भाजी घेऊन येणारी बाई त्याच मोजपट्टीला गुजरातीत ‘कूणुं’ आणि ‘घरडुं’ म्हणते. बडोद्याच्या मराठी घरात दोन्ही शब्द सुखाने नांदतात. ज्या मुलांना भाजी केवळ निवडलेली, पिशवीत बांधलेली भेटते, त्यांच्या भाषेतून हे शब्द भांडणतंटा न होता नाहीसे होतात. शब्दकोशात ते राहतील. पण शब्दकोशातला ‘निबर’ बोटाला लागत नाही.

नोंदीचा उपयोग

हे केवळ हळव्या मनाचे बोलणे नव्हे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांचीही नोंदणी करण्याची सोय केली. त्या नोंदणीसाठी वाणाचे वेगळेपण, एकसारखेपण आणि स्थैर्य तपासले जाते. पान कसे, फूल केव्हा, फळाचा आकार व रंग कोणता, हे वाढीच्या ठरलेल्या अवस्थांत पाहिले जाते. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री सन्मान मिळाला. गावठी वाण ज्याच्या घरी आहे तो बहुधा ते कागदावर मांडीत नाही, आणि जो मांडू शकतो त्याच्या घरी वाण नाही. बी दोन-चार वर्षे पेरले गेले नाही तर बहुतेक भाज्यांचे बियाणे रुजेनासे होते. मग चित्र, शब्द आणि चव ही तिन्ही एकदम जातात.

शाळेकडे एक मागणे

म्हणून माझे या शाळेकडे आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. दरवर्षी प्रत्येक वर्गाने एक कुंडी लावावी. पावसाळ्यात भेंडी किंवा गवार, हिवाळ्यात वाटाणा, वालपापडी किंवा मेथी. बी शक्यतो कोणाच्या तरी घरचे असावे आणि ते कुठून आले हे पहिल्या पानावर लिहावे. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून, पट्टी ठेवून एक चित्र घ्यावे. वहीत तारीख, उंची, हवामान आणि त्या दिवसाचा मराठी शब्द असावा. घरी वा शेजारी वेगळा शब्द असेल तर तोही असावा. चित्र घेणाऱ्या मुलाचे नाव खाली अवश्य लिहावे. दापुरीच्या चित्रकाराचे जे झाले ते आपल्या मुलांचे होऊ नये. रोप मेले तर तेही लिहावे आणि चित्र काढून टाकू नये. मेलेल्या रोपाची नोंदही नोंदच असते. शेवटी थोडे बी राखून पुढच्या वर्गाच्या हवाली करावे.

मोबाइलमधली चित्रे वर्षभरात कुठे जातात हे आपण सारे जाणतो. तेव्हा महिन्यातून एकदा निवडक चित्रे छापून वहीत चिकटवावीत आणि वही शाळेच्या ग्रंथालयात दाखल करावी. माजी विद्यार्थ्यांनी या वह्यांचा आणि छपाईचा खर्च उचलावा. तो एका स्नेहभोजनाहून कमीच येईल. दहा वर्षांत शंभराहून अधिक वह्या होतील. कोणी अभ्यासक एके दिवशी येऊन विचारील, की बडोद्यात अमुक साली वालपापडीला फूल केव्हा आले आणि मुले तिला काय म्हणत. शाळेने तेव्हा कपाटातली वही काढून त्याच्यासमोर ठेवावी, इतकीच इच्छा आहे.